मार्ताचे नव्वद दिवस

मार्ता साखरचौथीपर्यंत जोह्यात राहिली, तर आपल्या पदरात काय काय पडेल याचा हिशोब काळुरामने शाडू मळता मळताच करून ठेवला होता. घरच्या गणपतीला अख्खं गाव लोटेल, ही पहिली जमा. समोरचा मूर्तींचा कारखानदार निलेश गेल्या वर्षी एका पुढाऱ्यासोबतचा फोटो दाखवत हिंडला होता, तो निदान दिवाळीपर्यंत गप्प बसेल, ही दुसरी. आणि खर्चाच्या बाजूला? खर्चाच्या बाजूला काळुरामला काही दिसत नव्हतं. खर्च दिसला नाही की काळुरामला तो नसतोच असं वाटे.

आता चतुर्थीला मूर्तिकाराच्या घरी गणपती कुठून येणार? लोकांचे गणपती पोचवताना त्या दिवशी त्याला जेवायची फुरसत नसते. म्हणून काळुरामच्या घरचा बसे पंधरवड्याने, साखरचौथीला.

मार्ता पोलंडची. शाडूचं काम शिकायला वीस जूनला आली होती, परतीचं तिकीट सोळा सप्टेंबरचं.

"लोकांचा गणपती बघशील आणि आपला ठेवशील व्हय?" काळुराम म्हणाला होता.

तिने व्हिसाचा कागद पुढे केला. त्याने चष्मा लावून फक्त शेवटची तारीख वाचली. पुढच्या वर्षीचा मे. "सप्टेंबरनंतर पण आठ महिने हायत. बस निवांत."

मागच्या खेपेला तिचा व्हिसाच महिन्याभराचा होता. यंदा वर्षाचा म्हटल्यावर तिलाही ते पटलं. शिवाय ती उतरली त्याच दिवशी परदेशी पाहुण्याची ऑनलाइन नोंद याच काळुरामने केली होती, म्हणजे माणूस जाणता. तिने पैसे भरून तिकीट एक ऑक्टोबरवर नेलं.

ऑगस्टमधल्या एका रविवारी काळुरामचा मेहुणा सुजय जेवायला आला. तो रोह्याजवळ वरशाला राहायचा आणि एका कंपनीत परदेशी इंजिनियरांचे कागद सांभाळायचा. बेत ऐकून त्याचा घास हातातच राहिला.

"वीस जूनला आली ना ही? मग सतरा सप्टेंबरला नव्वद दिवस भरले."

"कसले भरले? कागदावर मे लिवलाय."

"भावजी, मेपर्यंत दार उघडं हाय. आत आल्यावर एका वेळी किती बसायचं ते खाली लिवलंय. नव्वद दिवस. साखरचौथ एकोणतीसला, तिकीट एक ऑक्टोबरचं. चौदा दिवस जास्त."

"चौदा दिवसांनी काय होतंय? एसटीचा पास संपला तरी कंडक्टर एक फेरी सोडतो."

"विमानतळावर तुमचा कंडक्टर नसतो. दंड होईल, देशाबाहेर पडायला वेगळी परवानगी काढावी लागेल. आणि पुढच्या वेळी व्हिसा मागितला की हे चौदा दिवस आधी वर येतील. मिळायचा पण नाय कदाचित."

"मग मुदत वाढवून घेऊ. आजारी हाय म्हणून लिव."

"तीन भाकऱ्या खाल्ल्यात तिने आता," काळुरामची बायको नूतन म्हणाली. "आजारी म्हणे."

"चार," मार्ता मराठीत म्हणाली.

काळुराम हटेना. "तुझ्या कंपनीतले कोरियावाले दोन दोन वर्षं कसे राहतात रे?"

"ते कामाच्या व्हिसावर. त्यांची नोंदणी वेगळी, मुदत वेगळी. आणि हिला पितांबर रंगवायला बसवून मजुरी द्यायचं तुमच्या मनात हाय, ते पण काढून टाका. ही पाहुणी हाय, कामगार नाय."

हे सुजयला कुणी सांगितलं, म्हणून काळुरामने नूतनकडे पाहिलं. नूतन आमटी वाढत होती.

त्याने भात कालवला. मग मार्ताला म्हणाला, "पुढच्या वर्षी यायचंय तुला?"

"हो. डोळ्यांची आखणी राहिली शिकायची."

ती शिकायला काळुरामला स्वतःला सहा वर्षं लागली होती. एका साखरचौथीसाठी ही सगळी वर्षं घालवायची? एवढं गणित त्याला येत होतं.

"मग सोळालाच जा," तो म्हणाला.

ती गेली. साखरचौथीला गाव आरतीला आलं, निलेशही आला. "पाहुणी पळाली काय रे?" त्याने विचारलं.

"मुदतीत गेली," काळुराम म्हणाला, आणि हे वाक्य आपल्याला इतकं आवडेल असं त्याला वाटलं नव्हतं. त्याने ते आणखी चौघांना ऐकवलं.

तिकीट पुढे ढकलण्याचे पैसे मार्ताने भरले होते. मागे आणण्याचे काळुरामने भरले, नूतनने भरायला लावले म्हणून. सुजयचा एक रविवार गेला. दंडाच्या खात्यात सरकारला कुणीच काही दिलं नाही.