चंपाषष्ठीचा पाहुणा

मित्रांनो, मी एक म्हातारा काळा कुत्रा आहे आणि आधीच सांगून टाकतो, माझा तुमच्यावर विश्वास नाही. राग मानू नका. तुम्ही चांगली मुलं असाल. पण चांगली मुलं मी पुष्कळ पाहिली आहेत. ती गळ्यात हात टाकतात, "किती गोड आहे हो!" म्हणतात आणि दुसऱ्या दिवशी आईच्या पदराआड जाऊन उभी राहतात. तेव्हा जरा लांब बसूनच ऐका.

बेंगळूरच्या मोठ्या मार्केटाजवळ, भाजीच्या गाड्याखाली माझा जन्म झाला. त्या भागात कुत्री पकडणारी गाडी फिरायची. एके सकाळी माझी आई काही खायला मिळतंय का पाहायला गेली आणि परत आलीच नाही. मी गाड्याच्या चाकाला चिकटून बसलो. कुणी "यू यू" केलं तरी बाहेर येईना. शेवटी देवाप्पा नावाच्या एका माणसानं हात घालून मला ओढून काढलं. मी त्याला कडकडून चावलो. "अय्यो, दात आलेत की रे करिया!" म्हणत तो हसत सुटला. कन्नडमध्ये काळ्याला करिया म्हणतात. तेच माझं नाव पडलं.

देवाप्पानं मला चामराजपेटेत आणलं. तिथे एका लाकडाच्या वखारीचं मागचं अंगण भाड्यानं घेऊन अनुसूयाअक्कांनी सोडून दिलेल्या जनावरांसाठी आसरा काढला होता. अक्का शाळेत शिकवायच्या. शाळा सुटली की तशाच पिशवी घेऊन आमच्याकडे यायच्या. देवाप्पा दिवसभर तिथेच असायचा. तो आम्हांला रागीचे, म्हणजे नाचणीचे, गोळे घालायचा, खरूज झालेल्यांना औषध चोपडायचा आणि सगळ्यांशी कन्नडमध्ये भांडायचा. आम्ही पाच-सहा कुत्री, टोपल्यांतली मांजरं, पंख मोडलेला एक पोपट आणि कुणालाही शिंग मारणारी एक शेळी, असा आमचा गोतावळा होता. माझ्या शेजारी तांबडी नावाची एक कुत्री असायची. ती येईल त्याच्यापुढे शेपूट हलवायची. मला तिचा हा भोळेपणा बिलकूल पटत नसे.

आम्हांला घरं मिळावीत म्हणून अक्कांची धडपड चाललेली असे. पण भटक्या कुत्र्याला घरात घेतो कोण? मग अक्कांना एक युक्ती सुचली. चंपाषष्ठी हा खंडोबाचा दिवस. खंडोबाबरोबर कुत्रा असतोच, म्हणून त्या दिवशी कुत्र्याला मोठा मान. आसपासच्या गल्ल्यांत खंडोबाला मानणारी कितीतरी मराठी घरं होती. त्याच दिवशी अंगणात मेळा भरवायचा, लोकांना बोलवायचं आणि ज्याला जो आवडेल तो प्राणी त्यानं घरी न्यायचा, असं ठरलं.

त्या सकाळी देवाप्पानं मला साबण लावून आंघोळ घातली. मला लगेच संशय आला. हा माणूस उगाच साबण खर्च करणारा नव्हे! अंगणात बांबूचा मांडव पडला. कर्णा लावला. मुलांनी गाणी म्हटली, मडकी रंगवली, चमच्यात लिंबू धरून धावली. कुणा पाहुण्यानं लांबलचक भाषण केलं आणि शेळीनं त्याच्या हारातली शेवंती खाऊन टाकली. आम्हांला ओळीनं उभं केलं होतं. आणि काय सांगू, लोकांची झुंबड उडाली! सगळ्यांना कुत्राच हवा होता. त्यातही काळा असला तर फारच उत्तम. संध्याकाळपर्यंत कुत्र्यांची रांग रिकामी झाली. उरली फक्त तांबडी. अक्का देवाप्पाला पेढा भरवत होत्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, असं तांबडीनं मला मागून सांगितलं.

मला मल्हारराव नावाच्या गृहस्थांनी नेलं होतं, मल्लेश्वरमला, चक्क टांग्यातून. त्यांच्या दारात मला पाटावर उभं केलं. कपाळाला भंडारा, म्हणजे हळद, लावली. गळ्यात झेंडूची माळ घातली. आरती ओवाळली. मग "येळकोट येळकोट जय मल्हार!" असा गजर झाला, पोरांनी उधळलेली हळद माझ्या नाकात गेली आणि मी सटासट शिंकलो. केळीच्या पानावर भरीत आणि रोडगे वाढले. मल्हाररावांची आई तर माझ्या पाया पडली. मी तेव्हा लहान होतो, हुरळून गेलो. मला वाटलं, आता जन्मभर हेच चालणार.

दुसऱ्या दिवशी मल्हारराव मला घेऊन वखारीच्या दारात हजर! "अक्का, स्वल्प अडचण आहे. धाकट्याला याच्या केसांनी खोकला येतो," ते म्हणाले. माझ्या कपाळावरची हळद अजून तशीच होती.

मी एकटाच परतलो असतो तर माझंच काही चुकलं असेल म्हणालो असतो. पण एकेक करून जवळजवळ सगळेच आले. कुणी म्हणालं आम्ही गावाला चाललो, कुणी म्हणालं घरमालक ओरडतो. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्या लोकांनी कुत्रा नेलाच नव्हता. त्यांनी सणाला देवाचा पाहुणा नेला होता, आणि सण संपला की पाहुण्यानं आपल्या घरी जायचं असतं! त्यांच्या मनात कपट नव्हतं. खरं सांगायचं तर कपट परवडलं असतं. कपटी माणसाला चावता तरी येतं.

अक्कांना हे कळलं नाही असं समजू नका. देवाप्पा पुढच्या वर्षी कुरकुरला तेव्हा त्या म्हणाल्या, "मला का दिसत नाही? पण दुसऱ्या कुठल्या दिवशी कुणी फिरकत तरी नाही रे. दहांतला एक ठेवून घेईल. त्या एकासाठी मांडव घालायचा."

आणि दरवर्षी मांडव पडत गेला. कन्नड बोलणारा मुलूख एकत्र येऊन राज्य मोठं झालं म्हणून शहरभर मिरवणुका निघाल्या त्या वर्षीही पडला. कधी एखादं कुत्रं खरंच घरचं होऊन जायचं. मी मात्र दरवर्षी हळद लावून जायचो आणि हळद घेऊन परत यायचो. सोयराबाई म्हणून एक होत्या. त्यांनी तर "हा माझ्याकडे वाईट नजरेनं बघतो" असं सांगून मला परत केलं. बघत होतोच मी! त्या पहिल्या घासापासून माझ्याकडे किती प्रेमानं पाहत होत्या! असलं प्रेम मी ओळखून होतो.

माझा स्वभाव संशयी झाला तो असा. कुणी हळूच बोललं की मी कान टवकारायचो. कुणी डोक्यावरून हात फिरवला की दुसऱ्या हातात काय आहे ते पाहायचो. पानावर जेवायला वाढलं की समजायचं, पाहुणचार आहे. "देवा, ये" म्हणाले की समजायचं, आपलं नावसुद्धा यांनी विचारलेलं नाही. देवाला कुणी रोज अंगणात बांधून ठेवत नाही.

आणि मग ते वर्ष आलं. मेळ्याच्या थोडे दिवस आधी अक्का आणि देवाप्पा आमच्याजवळ बसून हलक्या आवाजात बोलत होते. मी झोपेचं सोंग घेऊन सगळं ऐकलं. वखारीच्या मालकाला अंगण परत हवं होतं. तिथे लाकूड कापायचं यंत्र बसणार होतं. एक शेतकरी शेळी आणि मांजरं न्यायला तयार होता. पोपटाचीही सोय झाली होती.

"आणि नाय?" देवाप्पानं विचारलं. नाय म्हणजे कुत्रा.

"कुत्री तो नको म्हणतो. मी सगळीकडे विचारलं. माझ्या घराच्या मालकानंही सरळ नाही म्हटलं. मेळ्यात जी जातील ती जातील. जी परत येतील..." अक्कांनी वाक्य पूर्ण केलं नाही. मला माझी आई आठवली आणि ती गाडी आठवली. मित्रांनो, मी फार घाबरलो. यंदा परत येऊन चालणार नव्हतं, कारण परत यायला जागाच राहणार नव्हती.

मेळ्याच्या दिवशी मला न्यायला आले ते खंडोजी आणि त्यांची बायको मथुरा. खंडोजी गिरणीत फिटर होते. त्यांच्या कपड्यांना यंत्राच्या तेलाचा वास यायचा. राहायला राजाजीनगरला, नव्या वस्तीत. मथुरेनं मला नीट निरखलं आणि देवाप्पाला विचारलं, "चावतो काय अण्णा हा?"

"चावतो अक्का," देवाप्पा म्हणाला. "स्वल्पच."

"सरी, चालेल. आमच्या सासूबाईपण तशाच होत्या," मथुरा म्हणाली.

ती हसली. मी हसलो नाही. असे हसणारे मी आधीही पाहिले होते.

त्यांच्या घरी सगळं नेहमीसारखंच झालं. पाट, हळद, माळ, आरती, येळकोट. शेजारच्या बायका आल्या, पाया पडल्या, गेल्या. जेवणही केळीच्या पानावर. मी एकेक गोष्ट मनात नोंदवत होतो आणि एकही चांगली खूण सापडत नव्हती. खंडोजी माझ्यासमोर उकिडवे बसून टक लावून पाहत राहिले. मी गुरगुरलो. "सरी सरी, गुरगुर बाबा," म्हणून ते थोडे मागे सरकले, पण उठले नाहीत. हा माणूस काय हेरतो आहे, मला कळेना.

मग मथुरेनं माळ काढली. दोरी घासून माझ्या मानेला जुनी जखम झाली होती, ती माळेखाली झाकली गेली होती. ती मथुरेला दिसली. "अगं बाई, हे काय!" म्हणत तिनं खोबरेल आणलं आणि बोटानं हळूहळू लावलं. तोपर्यंत कुणीही माळेखाली पाहिलं नव्हतं. मला इतकं बरं वाटलं की माझी शेपूट माझ्या परवानगीशिवाय हलली. लगेच मी तिला आवरलं. तेल का लावतात? परत देताना अक्कांना दिसू नये म्हणून असेल! तरी मनातून मला वाटत होतं, याच घरी राहावं. फार वाटत होतं.

सकाळी मथुरेनं चूल पेटवली. पातेलं हातात घेऊन ती माझ्याकडे बघत उभी राहिली. मग आत जाऊन नवऱ्याशी कुजबुजली. मला दोनच शब्द ऐकू आले, "अक्कांकडे" आणि "आत्ताच". खंडोजींनी टोपी घातली आणि खुंटीवरची दोरी काढली.

झालं! मी काय म्हणत होतो?

आम्ही मागडी रोडनं चालत निघालो. मी पाय रोवले, खंडोजींनी ओढलं. पुढे मी ओढणं सोडून दिलं. रस्ता माझ्या ओळखीचाच होता. एका ठिकाणी पळून जावं असं मनात आलं, पण पळून जाणार कुठे? मी मान खाली घालून चालत राहिलो.

अंगणात मांडव उतरवत होते. लाकडं कापायचं यंत्र दारात येऊन पडलं होतं. परत आलेली दोन कुत्री कपाळाला हळद घेऊन भिंतीशी बसली होती. अक्का एका खोक्यावर बसल्या होत्या. मला पाहिल्याबरोबर त्यांचा चेहरा एवढासा झाला.

"तुम्हीसुद्धा, खंडोजी?" त्या म्हणाल्या. "एक दिवस तरी थांबायचं होतं हो. सांगा, काय अडचण आली?"

खंडोजी गडबडले. टोपी काढून हातात फिरवू लागले.

"अडचणच आहे अक्का. काल सणाचं होतं, भरीत-रोडगा खाल्ला यानं. आज मथुरेनं चूल पेटवली आणि तिथेच अडली. रोजचं काय खातो हा? आम्हांला कुत्र्याची सवय नाही. काय घालायचं, किती घालायचं, कसलंच माहीत नाही. म्हणून विचारायला आलो. आणि याचं नाव काय, तेही काल विचारायचं राहिलं."

अक्का बघतच राहिल्या. "मग याला कशाला चालवत आणलंत एवढ्या लांब?"

"मथुरा म्हणाली, घेऊन जा. तुम्हांला बघायला मिळेल. तुम्हांला चैन पडलं नसेल."

अक्कांनी तोंडाला पदर लावला. देवाप्पा पुढे झाला आणि त्याच्या मोडक्यातोडक्या मराठीत त्यानं सगळं सांगितलं. नाव करिया. रागीचा मुद्दा, म्हणजे तोच गोळा, ताकात कालवून. हाडं बारीक नकोत. आंघोळ घातली तर चावतो. खंडोजी प्रत्येक गोष्ट तोंडातल्या तोंडात घोकत होते. मग त्यांनी मला हाक मारली, "करिया, चल, घरी." मला ते खरं वाटेना. दारातून बाहेर पडेपर्यंत मी तीनदा थबकलो. ते दरवेळी माझ्यासाठी थांबले.

तांबडीला देवाप्पानं आपल्या घरी नेलं. भिंतीशी बसलेल्या त्या दोघांचं काय झालं, हे मला ठाऊक नाही. त्यांच्या कपाळालाही माझ्यासारखीच हळद होती, त्यांच्या पायाही लोक पडले होते.

म्हणून मित्रांनो, हात जोडता येत नाहीत, पण विनवून सांगतो. सणाला आमचे लाड जरूर करा. हार घाला, ओवाळा, जेवू घाला. पण आम्हांला घरी नेणार असाल, तर निघण्याआधी दुसऱ्या दिवसाची चौकशी करा. आम्ही रोज खातो, रोज घाण करतो, आजारी पडतो, म्हातारे होतो. हे सगळं चालणार असेल तरच दोरी हातात घ्या.

खंडोजींकडे येऊन मला वर्षं झाली. अजूनही टोपी घातलेला माणूस दिसला की मी उठून बसतो, आणि नव्या माणसाच्या गोड बोलण्यावर माझा काडीचा विश्वास नाही. पण उद्या सकाळी मथुरा उठेल आणि ताकात माझा मुद्दा कालवील, याची मात्र मला मुळीच शंका येत नाही.