डाव्या सीटची शिवण

बॉबिन हातातून निसटली आणि फरशीवर टणटणत थेट कपाटाखाली गेली. दुपारच्या शांततेत तेवढ्या आवाजानंही सिद्धी कुशीवर वळली. मी श्वास धरून बसले. ती उठली की माझी दुपार संपते. पण तिनं पाय पोटाशी ओढून घेतले आणि पुन्हा झोपली.

माझ्या मांडीवर गाडीच्या सीटचं कव्हर होतं. एरवी तिथं शाळेचे गणवेश असतात. भवानी पेठेतल्या आमच्या गल्लीत घराआड एक मशीन चालते. कॉलर, खिसे, काजं, जे येईल ते. सीटचं कव्हर मात्र मी पहिल्यांदाच हातात घेतलं होतं. काळं चामडं, वर लाल दोऱ्याची टीप. दाराकडच्या अंगाची शिवण वीतभर उसवली होती, तेवढी घालायची होती.

जुने धागे मी नखानं वेचत होते. पहिला ओढला, तुटला. दुसराही तुटला. तिसरा बोटाला गुंडाळून ओढला तर वातीसारखा सुटून आला. म्हणून शेजारचीच टीप ओढून पाहिली. तिथं बोट कापायची वेळ आली. एकाच सीटला दोन दोरे. सगळीकडे पक्का आणि वीतभर जागेत कच्चा.

आमच्या कामात कच्चा दोरा एकाच कारणासाठी घालतात. जी शिवण नंतर उसवायचीच असते, तिच्यासाठी.

गाडी आली तेव्हा गल्ली लोटली होती. सिद्धीचे पप्पा, म्हणजे बिरुदेव, डेंटर आहेत. लग्नाआधीपासून दुसऱ्यांच्या गाड्यांचे पोचे काढतात. अपघातात मोडलेल्या, विमा कंपनीनं सोडून दिलेल्या गाड्यांचा पुण्यात लिलाव होतो, तिथून त्यांनी ही उचलली. लाल, बसकी, दोन दारांची, शर्यतीत पळावी तसल्या जातीची. उजवीकडून नवरीसारखी आणि डावीकडून चेपलेल्या डब्यासारखी. पुढच्या डाव्या सीटच्या कडेतून पांढरं कापड लोंबत होतं. त्यांनी ते कापून फेकलं आणि सिद्धीनं उचलून बाहुलीला पांघरूण केलं.

शेजारच्या काशम्मा कमरेवर हात ठेवून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "काय रं बिरू, ही गाडी चालवायला आणलास का मोडीवाल्याला घालून भांडी घ्यायला?"

"काशम्मा, पाडव्यापत्तुर थांबा. तुमालाच पयली चक्कर मारतो."

"मला नगं बाबा. हिच्यात बसायचं तर आदी जमिनीवर लोळायला लागतंय."

सगळे हसले. मी हसले नाही. घरात शिल्लक होतं ते त्या गाडीत गेलं होतं, आणि गाडी विकली गेली नाही तर गॅरेजचं शेडही राहणार नव्हतं. पण चार महिने त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे तेज होतं, ते मी लग्नातही पाहिलं नव्हतं. पत्रा ठोकताना ते त्याला कान लावायचे. जेवताना बोटांनी ताटाच्या कडेवर गाडीची कड काढायचे. त्या तेजापुढे मी पैशाचा विषय काढला नाही.

कच्चा दोरा सापडला त्या संध्याकाळी ते हात धूत असताना मी म्हटलं, "अवं, ह्या एका जागी कंपनीनं कच्चा दोरा घातलाय बघा."

साबणाचे हात मध्येच थांबले. मग पुन्हा चोळायला लागले.

"कंपन्या बी चोरच असत्यात की. तू पक्का घाल. डबल टीप मार."

"आणि सीटवाल्याकडं का दिलं नाही? त्याच्याकडं चामड्याची सुई असते."

"त्येला लई प्रश्न असत्यात," ते म्हणाले. "तुझ्या हाताला सफाई हाय."

कौतुक झालं की मी विरघळते, हे त्यांना ठाऊक आहे. दुसऱ्या दिवशी मी जाड दोरा ओवला, डबल टीप मारली, टोकाला उलटी टीप घेऊन गाठ पक्की केली. शिवण अशी बसली की हात फिरवला तरी कळू नये. पण हात फिरवताना मनात तो प्रश्न परत येत होता. सीटवाला असं काय विचारणार होता?

संशय एकदा घरात आला की प्रत्येक गोष्टीत नाक खुपसतो. ते फोन घेऊन गल्लीच्या तोंडापर्यंत का जातात? मी गॅरेजवर डबा घेऊन गेले की गाडीचं दार का लोटून घेतात? क्षणभर मला दुसरी बाई वगैरेही सुचलं, आणि माझं मलाच हसू आलं. अंगाला कायम रंगाचा आणि थिनरचा वास असणाऱ्या माणसाला कोण बाई मिळते? मला मिळाला, तेवढं पुरे.

गाडी उभी राहिली. खरंच उभी राहिली. मोडलेली बाजू कुठली, हे मलाही ओळखता येईना. सिद्धेश्वराला नेऊन हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि पहिली फेरी मंद्रूपला, सासूबाईंना दाखवायला, असं ठरलं.

सिद्धी धावत जाऊन पुढच्या डाव्या सीटवर बसली.

"मागं बस," ते म्हणाले.

"पुढं बसते की पप्पा."

"मागं बस म्हणलं न्हवं?" मग आवाज खाली आणून मला म्हणाले, "तू बी मागंच बस, पोरीजवळ."

त्या मागच्या सीटवर माणूस मावत नाही. गुडघे हनुवटीला लागतात. आम्ही दोघी तशा अवघडून बसलो आणि पुढची डावी सीट रिकामी. तिच्यावर त्यांनी पान्यांची पिशवी ठेवली.

मंद्रूपच्या घरासमोर सासूबाई, केराबाई, गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, "एवडी ठेंगणी? आरं, हिच्यात मेंढरू बी उभं ऱ्हायचं न्हाय." आणि मुलाच्या पाठीवरून हात फिरवला. त्यांचे डोळे भरले होते. माझेही भरले असते, पण मी त्या पान्यांच्या पिशवीकडे बघत होते.

परत निघताना मागे शिरण्यासाठी पुढची सीट वाकवली, तेव्हा सिद्धीच्या तोंडासमोर शिवणीतली छोटी कापडी चिठ्ठी आली. ती मीच शिवणीत परत धरली होती. कंपनीचं नाव असेल म्हणून वाचली नव्हती. सिद्धीला सध्या दिसेल ते इंग्रजी वाचायचा नाद लागलाय.

"ए, आय, आर, एअर. बी, ए, जी, बॅग. पप्पा, एअरबॅग म्हंजे काय?"

"फुगा असतोय आत," ते रंगात होते, आईचा हात नुकताच पाठीवरून फिरला होता. "गाडी धडकली की ह्या शिवणीतनं भसकन भाईर येतोय आन् माणसाला धरतोय. डोकं आपटू देत न्हाय."

"ह्यात हाय?"

ते किल्ली लावत होते. किल्ली लागायला वेळ लागला.

"हाय की," ते म्हणाले.

घरी येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले. बाहेर ज्वारीची कापलेली रानं पळत होती आणि माझ्या डोक्यात शिवण. ह्या शिवणीतनं भाईर येतोय. म्हणून कंपनीचा दोरा कच्चा होता. चोरी नव्हती ती. फुग्याला फाडून येता यावं म्हणून ठेवलेली वाट होती. ते डेंटर आहेत, त्यांना हे माहीत नसेल होय? आणि माहीत असून मला पक्की टीप मारायला सांगितली, म्हणजे आत फाडून यायला काही नव्हतंच. जे होतं, ते आमच्या घरात बाहुलीच्या अंगावर होतं.

पण नवरा आहे तो माझा. मी स्वतःला म्हटलं, नवीन बसवला असेल. दोऱ्याचं त्यांना सुचलं नसेल. माणूस पत्र्यातला आहे, कापडातला नाही. असं म्हणत मी पुढचे काही दिवस काढले.

गाडी बघायला बार्शीहून गिऱ्हाईक आलं, दिग्विजय. तिथल्या धान्याच्या अडतवाल्याचा मुलगा. बरोबर बायको रेश्मा, तिच्या कडेवर दात येत असलेलं बाळ. मी गॅरेजवर चहा नेला. दिग्विजय गाडी सुरू करून नुसता तिचा आवाज ऐकत होता, लहान मुलासारखा. रेश्मा डाव्या सीटवर बसली आणि बाळ मांडीवर घेतलं. बाळानं माझ्या शिवणीला तोंड लावलं आणि हिरड्यांनी चावायला लागलं.

"ए, नको रे," ती हसून त्याला बाजूला करत म्हणाली. "भाऊ, शिलाई काय सुंदर आहे हो. हाताची आहे का?"

मी ट्रे घेऊन उभी होते. सिद्धीच्या पप्पांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"कंपनीचीच हाय, ताई. सीटला हात बी लावला न्हाय आपण."

"आणि एअरबॅग वगैरे?" दिग्विजयनं विचारलं.

"मीटरवर दिवा लागतोय का बगा की. बिघाड असता तर लाल दिवा लागला असता."

दिवा लागत नव्हता. दिग्विजयचं समाधान झालं. रेश्मानं कप परत देताना माझा हात धरला. "वहिनी, पाडव्याला गाडी घ्यायला येतो. तुम्ही ओवाळा हं. माझ्या सासूबाईंना गुडघ्यांमुळे एवढं लांब येता येत नाही."

मी मान हलवली.

त्या रात्री जेवताना सरळ विचारायचं धाडस झालं नाही. मी भाकरी वाढता वाढता म्हटलं, "मंद्रूपला जाताना सिद्धीला पुढं का बसू दिलं नाही?"

"ल्हान पोरं पुढं बसवत न्हाईत."

"मग त्यांचं लेकरू?"

त्यांनी घास ताटात ठेवला. माझ्याकडे पाहिलं. चार महिन्यांत पहिल्यांदा नीट पाहिलं असेल. मग अर्धी भाकरी तशीच ठेवून ताटात हात धुतला आणि उठून बाहेर जाऊन बसले. सिद्धी बाहुलीला झोपवत होती. पांढरं पांघरूण तिनं बाहुलीच्या गळ्यापर्यंत ओढलं होतं.

पाडव्याला गुढी उभी केली, कडुलिंब खाल्ला. ते आंघोळ करत होते, तेव्हा मी ओवाळणीचं ताट झाकलं, खिडकीतली किल्ली घेतली आणि सिद्धीला घेऊन गॅरेजवर गेले. ताटात हळदकुंकू, निरांजन, सुपारी आणि धागे उसवायचं कटर.

शेड उघडलं. गाडी पुसून ठेवली होती. समोर झेंडूचा हार.

स्वतः घातलेली टीप उसवणं सोपं नसतं. गाठ कुठं मारली ते हाताला माहीत असतं, पण हातच मागे येतो. मी डाव्या सीटशी उकिडवी बसले आणि एकेक टाका काढत गेले. हळूच, चामड्याला ओरखडा येऊ न देता. मनात एकच होतं, आत असू दे. असला तर कच्चा दोरा घालून पुन्हा शिवेन, ओवाळीन, आणि आयुष्यभर त्यांच्यावर संशय घेतल्याचं कुणाला सांगणार नाही.

शिवण उघडली. स्पंज. स्पंजात कापलेली पोकळी, त्यात लोखंडाची रिकामी चौकट. दोन वायरी काळ्या टेपनं बांधून वळवून ठेवलेल्या, मीटरवरचा दिवा लागू नये म्हणूनच असणार. फार नीट बांधल्या होत्या. ते कुठलंच काम गबाळं करत नाहीत.

"काय करतीस?"

ते दारात उभे होते. नवा सदरा, हातात साखरगाठी. घरातल्या गुढीसाठी एक आणि गाडीसाठी एक, अशा दोन आणल्या होत्या कालच.

मी उघड्या शिवणीवरचा हात तेवढा काढला.

ते जवळ आले. शिवणीत वाकून पाहिलं. मग बाहेर कुणी नसतानाही हळू आवाजात म्हणाले, "नवा देत न्हाईत गं. मोडीत निगाल्याल्या गाडीला कंपनी न्हाय म्हणती. लई हिंडलो मी. पुण्यापत्तुर इचारलं."

"मग तसं सांगा त्यांना."

"सांगितलं तर कोण घील? आन् गाडी रोज धडकती का?"

"ही धडकली होती की."

त्यांनी गाडीच्या टपाच्या डाव्या कडेवर हात ठेवला. जिथं चेपलं होतं, नेमका तिथं. आता तिथं काहीच दिसत नव्हतं, त्यांच्या बोटांना तेवढं ते आठवत होतं.

"ऋतू," ते म्हणाले, "मी लई चांगली केलीया गं हिला."

"मला माहीत हाय."

"एवढं सोडून समदं खरं हाय."

"ते बी माहीत हाय."

बाहेर हॉर्न वाजला. मग गाडीची दारं, आणि रेश्माच्या बांगड्या, आणि बाळाचा काहीतरी बोबडा आवाज. त्यांनी माझ्या हातातल्या कटरकडे पाहिलं. मला वाटलं म्हणतील, घाल टीप, पटकन. मशीन घरी होती, पण हातानंही घालता आली असती. सुई दोरा मी पदराला टोचून फिरते, त्यांना माहीत आहे. ते म्हणाले नाहीत. साखरगाठी गाडीला घालायला उचलली होती, ती तशीच मुठीत धरून ते फाटकाकडे गेले.

फाटक बरंच लांब आहे. तिथलं बोलणं शेडमध्ये ऐकू येत नाही. मला नुसती त्यांची पाठ दिसत होती, नव्या सदऱ्याची घडी अजून न मोडलेली, आणि समोर दिग्विजयचा हसरा चेहरा. ते हात हलवत काहीतरी सांगत होते. दिग्विजय ऐकत होता. रेश्मानं बाळाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं.

सिद्धी माझ्या बाजूनं आत घुसली. शिवणीतून तिनं हात घातला, कोपरापर्यंत, आणि आतल्या आत चाचपत राहिली. हात बाहेर काढला, बोटं पाहिली, मग फाटकाकडे पाहिलं.

"आई, फुगा न्हाय गं ह्यात. पप्पा त्या काकांना काय सांगत्यात, हाय म्हणून, का न्हाय म्हणून?"