शिंपल्यांतलं विष

प्रयोगशाळेतल्या तपासनीस बाईने खाडीच्या पाण्याचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. थेंबात विषारी सूक्ष्म शेवाळ दाटलं होतं. शिंपले हेच पाणी गाळून खातात, विष त्यांच्या अंगात साठतं. आणि सकाळीच तिच्या दिराने त्याच खाडीतले टोपलीभर शिंपले घरी आणले होते.

तिने लगेच फोन लावला. "भाऊजी, शिंपले खाऊ नका!"

"चांगले उकळलेत की, वहिनी. दहा-बाराच चाखले."

"उकळून ते विष जात नाही. ओठांना काही होतंय का?"

"मुंग्या येताहेत."

तिने ॲम्ब्युलन्स पाठवली आणि स्वतः हॉस्पिटल गाठलं. तोवर त्याचा श्वास यंत्रावर गेला होता. तिसऱ्या दिवशी यंत्र निघालं, तेव्हा कुठे तिच्या जिवात जीव आला.