सांत्वनाचा रिटेक

घरातलं माणूस गेलं की धड रडायलाही उसंत मिळत नाही, हे आपण सगळ्यांनीच पाहिलंय. त्या दोन खोल्यांच्या घरात तर सकाळपासून पलंग, कपाट सरकवणं चाललं होतं. कॅमेऱ्याला जागा हवी होती! शिवणकारखान्याच्या आगीत थोरला मुलगा गेला होता आणि घरच्यांच्या सांत्वनाला खुद्द हिरो येणार होता. पडद्यावर गुंडांना लोळवत लोळवत हा गृहस्थ निवडून आला आणि आता चक्क कामगारमंत्री झाला होता. गेलेल्याचा धाकटा भाऊ त्याच्या चाहत्यांचा म्होरक्या. प्रचारात घसा बसेपर्यंत ओरडला होता बिचारा.

"वहिनी, साहेब आले की सगळं मार्गी लागेल बघा," तो थोरल्याच्या बायकोला म्हणाला.

"मला एकच मागायचंय, भाऊजी. कारखान्याचं मागचं दार. कामगार मध्येच बाहेर जाऊ नयेत म्हणून मालक त्याला कुलूप लावतो. आग लागली तेव्हाही कुलूप होतं, आजही आहे. आणि सोमवारपासून ह्यांच्या जागी मी कामाला जाणार आहे."

"अहो, कुलपाचं काय घेऊन बसलात! साहेबांनी सिनेमात अशी किती दारं लाथेने फोडलीत!"

हिरो आला. दाराबाहेरच एकाने त्याच्या डोळ्यांत थेंब घातले, मग तो आत शिरला. वहिनीचे हात हातात घेऊन म्हणाला, "आजपासून मी तुमचा भाऊ!" डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"साहेब, कारखान्याचं मागचं दार..."

"कट!" कॅमेरावाला वैतागला. "ताईंचा चेहरा अंधारात गेला. आणि ताई, मध्ये बोलू नका हो, नुसतं रडा. चला, साहेब आत येतात तिथपासून परत!"

हिरो मुकाट्याने बाहेर गेला. पुन्हा थेंब घातले गेले. वहिनीचे डोळे मात्र कोरडेच होते. तेव्हा धाकटा तिच्या कानाशी लागला, "वहिनी, थोडं रडा ना. साहेबांचा वेळ जातोय."

वहिनी त्याच्याकडे बघतच राहिली. सख्ख्या दिराने असं म्हणावं! संतापाने तिचे डोळे भरून आले आणि कॅमेऱ्याला नेमकं तेच हवं होतं.

"छान झालं, ताई," जाताना हिरो म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला. शॉट ओके झाला की काम संपलं, ही त्याची जन्माची सवय!

तो जिना उतरला आणि वहिनीचा बांध फुटला. "भाऊजी, तुमच्या दादाला मिळाला का हो रिटेक? सिनेमातली दारं पुठ्ठ्याची असतात. कारखान्याचं लोखंडी आहे. ते लाथेने नाही उघडत, मंत्र्याच्या हुकमाने उघडतं. त्यासाठी पाठवलंय आपण त्यांना. रडायला घरात आम्ही आहोत!"

धाकट्याच्या कानशिलात बसावी तसं झालं. तो तसाच खाली धावला. त्यानेच जमवलेली पोरं गाडीभोवती शिट्ट्या मारत होती.

"बंद करा शिट्ट्या!" तो गाडीसमोर उभा राहून गरजला.

हिरोने काच खाली केली. "काय रे, फोटो हवाय?"

"नको. कारखान्याचं मागचं दार उघडून हवंय. माझा भाऊ त्या दारामागे मेला आणि ते अजून बंद आहे."

"बघू. सांगतो कुणालातरी."

"आत्ता सांगा. इथूनच."

पोरं एकमेकांकडे बघू लागली. मग एकेक करत त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. हिरो हसला, गाडीतून उतरला आणि हात उंचावून त्याने आपला गाजलेला डायलॉग फेकला. "मी उभा आहे तोवर गरिबाचं दार कोण अडवतो ते बघतो!"

एकही टाळी पडली नाही. हिरोचं हसू मावळलं. त्याने निमूटपणे फोन काढला आणि मालकाला हुकूम सोडला. पोरं तडक कारखान्यावर गेली आणि कुलूप निघेपर्यंत तिथून हलली नाहीत.

नागरिकहो, सिनेमाला खुशाल टाळ्या वाजवा. पण ज्याला मत दिलं त्याला आधी कामाचं विचारा आणि ते झाल्याशिवाय त्याची वाट सोडू नका! एका फोनचं काम होतं हो ते. थोरला जिवंत असतानाही तेवढंच होतं. तेव्हा आपण शिट्ट्या मारत होतो.