रुंद तोंडाच्या बरणीचं झाकण

"कर्टिसची ही सहा झाकणं तेवढी झाडाला नको लावूस, आई," जोडी म्हणाली आणि लगेच दिव्यांची माळ सोडवायला लागली. माझ्याकडे बघायचं टाळायचं असलं की माझी लेक हातांना काम देते.

"का बरं?"

"ब्रेंटचे आईवडील, माझे होणारे सासूसासरे, जेवायला आले की विचारतील. मी त्यांना सांगितलंय, माझा भाऊ अलास्कात मासेमारीच्या बोटीवर असतो."

"सहा वर्षं बोटीवर, आणि इतका पांढराफटक? तिकडं ऊनच पडत नाही वाटतं."

"आई, प्लीज! लहानपणची लाव की. दात पडलेला, बेसबॉलची टोपी घातलेला. एकाच जेवणाचा तर प्रश्न आहे."

आमच्या घरात ख्रिसमसच्या झाडाला विकतचं काही लागत नाही. दरवर्षी माणशी एक बरणीचं झाकण. आत गोल कापलेला फोटो, कडेनं लाल लोकर, मागं खिळ्यानं कोरलेलं वर्ष. माझ्या नवऱ्याची, अर्लची, अठ्ठावीस झाली आणि थांबली. मी चौतीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात गावच्या पोरांना जेवू घातलं, पण आमचं घर ओळखलं जायचं ते या झाडावरून. निदान कर्टिसनं औषधांचं दुकान लुटेपर्यंत तरी.

मी जोडीला चांगलं झापणार होते. पण ती सहा झाकणं हातात घेतली आणि माझंच तोंड बंद झालं. लपवायला तिला शिकवलं कुणी?

तुरुंगात भेटीच्या हॉलमधे एका भिंतीवर धबधबा रंगवलाय. त्याच्यापुढं आम्ही मायलेक उभे राहतो आणि तिथलाच एक कैदी आमचा फोटो काढतो. कर्टिसचा हात माझ्या खांद्यावर असतो. घरी आणून मी तो फोटो असा कापत आले, की खाकी सदरा जावा, छातीवरचा नंबर जावा. त्याबरोबर त्याचा हात जायचा आणि मीही जायची. एका वर्षी तर त्याचा अर्धा कान गेला. उरायचं नुसतं तोंड, कुठल्याही गावच्या कुठल्याही माणसाचं. कुणी विचारलं, "हल्ली कुठं असतो?" तर मी म्हणायची, "बाहेरगावी."

मला माझीच लाज वाटली. मग राग आला, आणि तो आल्यावर बरं वाटलं.

यंदाचा फोटो अजून पाकिटातच होता. मी तळघरातून पीचची बरणी आणली, रुंद तोंडाची, आणि झाकण उघडलं.

"आता पीच कशाला?" जोडी म्हणाली.

"पीच जेवणात होतील. मला झाकण हवंय."

"एवढं मोठं?"

"लहानात आम्ही दोघं मावत नाही."

मी फोटोवर झाकण ठेवून पेन्सिल फिरवली आणि कापलं. हात आला, सदरा आला, नंबराचे सगळे आकडे आले. मागचा धबधबासुद्धा आला.

"तू माझं लग्न मोडणार आहेस," जोडी म्हणाली. तिचा आवाज फाटला होता.

"मोडेलही. पण तीन वर्षांनी तो सुटून या दारात उभा राहील, तेव्हा काय सांगशील? बोट बुडाली म्हणून?"

मी सहाही झाकणं लावली आणि सातवं समोर, डोळ्यांच्या उंचीवर टांगलं.

पाहुणे एक वाजता आले. ब्रेंटची आई, मिसेस हॅलोरन, कोट न काढताच झाडाशी गेली. "अगंबाई, किती गोड! सगळं घरी केलंय?" ती एकेक झाकण फिरवून मागचं वर्ष वाचत होती. मोठ्या झाकणाशी तिचा हात थांबला.

"हा जोडीचा भाऊ," ब्रेंट घाईघाईनं म्हणाला. "अलास्कात..."

"अलास्कात नाही," मी म्हटलं. "हा माझा मुलगा कर्टिस. तुरुंगात आहे. औषधांचं दुकान लुटलं त्यानं, रिकामं पिस्तूल दाखवून. अजून तीन वर्षं आहेत. शेजारी मी आहे, केस नीट बसले नव्हते त्या दिवशी."

"अच्छा," ती म्हणाली आणि तिनं हात काढून घेतला.

जेवणात काट्याचमच्यांचाच काय तो आवाज. मिस्टर हॅलोरननी मात्र पीच दोनदा मागून घेतले. शेवटचा ॲपल पाय कापायच्या आत मिसेस हॅलोरनना बर्फाची काळजी वाटायला लागली. बाहेर लख्ख ऊन होतं. ब्रेंट त्यांना सोडायला गेला, फोन करतो म्हणाला.

जोडी बराच वेळ दारात उभी होती. आत आली तेव्हा डोळे लाल होते.

"फोन नाही आला तर?"

"तर त्याचं झाकण करायचे कष्ट वाचले."

तिला हसू फुटलं, आणि हसता हसता ती रडायला लागली. मी जवळ घ्यायला गेले तर तिनं मला झटकलं. तो तिचा हक्कच होता. मी ताटं उचलायला लागले.

स्वयंपाकघरातून परत आले तर ती झाडापाशी उभी होती. मोठ्या झाकणाच्या वजनानं फांदी खाली झुकली होती. मला वाटलं, आता काढून टाकणार. तिनं ते काढलं, सदऱ्याच्या बाहीनं काच पुसावी तसा फोटो पुसला, आणि माझ्याकडे न बघता वरच्या जाड फांदीला दुहेरी गाठ मारून बांधलं.