आवाजाची वायर वेगळी

टीव्हीच्या पाठीमागे हात घालून थोरली बोटांनी भोकं चाचपत होती. भिंत आणि टीव्ही यांच्यामध्ये जेमतेम वीतभर जागा, तीही कोळ्यांनी विणून ठेवलेली. गाल भिंतीला टेकलेला असल्यामुळे तिला पडदा दिसत नव्हता.

"आला का आवाज?" तिने विचारलं.

आपण भिंतीला विचारतोय हे तिच्या लक्षात आलं. ती अंग चोरत बाहेर आली, खुर्चीतल्या आप्पांकडे तोंड केलं आणि तेच पुन्हा विचारलं.

"बरा माणूस शोधलास," आप्पा म्हणाले. "बहिऱ्याला आवाजावर राखण बसवलंस."

पडद्यावर आई स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसली होती. ती चष्मा नीट करी, पुढे वाकून यंत्रात डोकावे आणि तिचे ओठ हलत. इथवर आलं की थोरली चित्र थांबवी आणि पुन्हा सुरुवातीला नेई. सकाळपासून आई चष्माच नीट करत होती. दर वेळी तिचे ओठ हलायला लागले की आप्पा मान खाली घालून स्वतःच्या गुडघ्यांकडे बघत.

लॅपटॉप तेरा वर्षांचा. स्वतःसाठी नवा घेतल्यावर थोरलीनेच तो आईला दिला होता. आता त्याचा पडदा काळा पडला होता, स्पीकर फाटला होता आणि पेनड्राइव्हला तो ओळखही दाखवत नव्हता. जुने फोटो तरी मिळतील म्हणून तिने तो टीव्हीला जोडला, तर फोटोंच्या शेजारी एक फाईल निघाली. नाव 'थोरलीसाठी'. तारीख आई गेली त्याच्या आधीच्या रविवारची.

त्या रविवारी थोरली येणार होती. शाळेत परीक्षेचे पेपर काढायचे होते, म्हणून पुढच्या रविवारी येते असं तिने फोनवर सांगितलं. पुढच्या रविवारी ती आली तेव्हा दारात चपलांचा ढीग होता. आई रागावून गेली का, हे विचारायला आठ महिन्यांत तिला कुणी सापडलं नव्हतं.

"आप्पा, तुम्हाला ओठ वाचता येतात. तुम्हीच सांगा ना, काय म्हणतेय ती."

"तुझ्याशी बोललीय. मी मधे कशाला?"

आप्पा आणि आई एकाच मागशेडमध्ये समोरासमोरच्या रांगांत कामाला होते. चाळीस यंत्रमागांच्या खडखडाटात आवाजाचा काही उपयोग नसे, म्हणून तिथे सगळे नुसत्या ओठांनी बोलत. तिथेच त्यांचं जुळलं. पुढे घरीही ते तसंच बोलू लागले. मुलीच्या कानावर जाऊ नये असं सगळं तिच्या डोक्यावरून, मुकाट्याने, वरणभात कालवताना चाले. भांडणंसुद्धा. शेजाऱ्यांना वाटे, काय गुणी जोडपं. एकुलत्या एका मुलीला थोरली म्हणायचं, हेही असंच कधीतरी बिनआवाजी ठरलं असावं. धाकटी काही आली नाही.

आई कानात कापसाचे बोळे घालून काम करी. आप्पा हसत. धागा तुटलेला ज्याला कानाने कळत नाही तो कसला विणकर, असं त्यांचं म्हणणं. पन्नाशीत आप्पांचे कान गेले. आईला शेवटपर्यंत शेजारच्या घरातलं दूध उतू गेलेलं ऐकू यायचं.

थोरलीने पदर खोचला आणि ती कोपऱ्यावरच्या दुकानात गेली. दुकानदार कपाळावरचा चष्मा दुकानभर शोधत होता.

"कपाळावर आहे," ती म्हणाली.

"अरे हो. बोला ताई."

"चित्र येतंय, आवाज येत नाही."

"निळी वायर लावलीत ना, दोन्ही बाजूंना स्क्रूवाली?" त्याने न बघताच ओळखलं. "ती फक्त चित्र नेते. आवाजाशी तिचं देणंघेणं नाही. जुन्या लॅपटॉपात दोघं एका वाटेने जात नाहीत. आवाजाची वायर वेगळी." त्याने खिळ्यावरचं एक भेंडोळं काढलं. दोन्ही टोकांना हेडफोनसारखी पिन होती. "एक टोक लॅपटॉपात हेडफोनच्या जागी. दुसरं टीव्हीच्या मागे, निळ्या वायरीच्या अगदी शेजारच्या भोकात. शेजारच्याच हं. पलीकडचं भोक आवाज बाहेर काढायचं आहे, आत घ्यायचं नाही. सगळे आधी तिथेच घालतात."

थोरलीनेही आधी तिथेच घातली. मग काढून शेजारी घातली. तरी शांतता. लॅपटॉपवर हात ठेवून ती टीव्हीच्या पडद्याच्या कोपऱ्यात शोधत राहिली, तेव्हा दिसलं की कर्ण्याच्या चिन्हावर छोटीशी फुली आहे. तिने ती काढली.

"थोरले," आई म्हणाली.

थोरली जमिनीवर बसली.

"हे चालू झालं का कोण जाणे. दिवा लागलाय, म्हणजे झालं असेल." आवाज बारीक होता, दमलेला, पण तिचाच. तिच्या मागे नळ ठिबकत होता. "ऐक. आप्पांच्या गोळ्या पांढऱ्या डबीत आहेत. घेतल्या का म्हणून विचारू नकोस, हो म्हणतात. समोर बसून गिळायला लाव. त्यांचा स्वेटर उसवलाय, लोकर खालच्या खणात ठेवलीय." तिने पुन्हा चष्मा नीट केला. "आज येणार होतीस तू. नाही जमलं. असू दे. कामं असतात माणसाला. आम्ही काय, आहोतच."

हा सूर थोरलीच्या ओळखीचा होता. इस्त्री केल्यासारखा, एकही सुरकुती नसलेला. रागावली की आई असंच बोले.

तेवढ्यात चित्रातल्या घराबाहेर एक गाडी थांबली. गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. आईची मान झटकन वळली. चित्राच्या कडेला आप्पांचं कोपर आणि हात दिसत होता. त्यांच्याकडे बघून तिचे ओठ भराभर हलले. आवाज नव्हता.

थोरली गुडघ्यांवर धावत टीव्हीपाशी गेली आणि पिन दाबू लागली. मग तिचे हात थांबले. नळ ठिबकतच होता. स्वच्छ ऐकू येत होता.

"वायर हलवू नकोस," मागून आप्पा म्हणाले. ते आता पडद्याकडे बघत होते. "तिथं तिने आवाज दिलाच नाही. तुला ऐकू जाऊ नये म्हणून."

पडद्यावर आप्पांचा हात 'काही नाही, काही नाही' असा हलला. आई बराच वेळ दाराकडे बघत राहिली. मग यंत्राकडे वळली. "बरं," ती म्हणाली. "ठेवते." तिचा तळवा जवळ आला आणि चित्र संपलं.

थोरली आप्पांसमोर येऊन बसली. "काय म्हणाली?"

आप्पांनी नखांकडे बघितलं. "म्हणाली, अहो, दारात गाडी थांबली. आली वाटतं. उठा, कडी काढा."

"मग?"

"मला कुठलं काय ऐकू येतंय? अंगात ताप होता तिच्या. म्हटलं, भास होतोय. उठलो नाही. चार पावलं तर होती. भास तर भास, उठून बघायला काय झालं होतं मला?"

थोरलीने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्यांनी वर बघेपर्यंत थांबली, आणि मग एकेक शब्द सुटा करून म्हणाली,

"गाडी होती, आप्पा."

"काय?"

"गाडी खरंच थांबली होती. यात ऐकू येतेय. कुणाची तरी असेल. तिचं दारही वाजलं."

तिचं बोलणं संपलं तरी आप्पा तिच्या ओठांकडे बघत राहिले.

"भास नव्हता?"

"नव्हता."

त्यांनी खुर्चीचे हात धरले. "परत लाव. तिथपासून."

थोरलीने मागे नेलं. गाडी थांबली, दार वाजलं, आईची मान वळली. तिचे ओठ हलू लागले तसे आप्पा उठले. चार पावलं चालायला त्यांना वेळ लागला. त्यांनी कडी काढली, दोन्ही दारं उघडली. बाहेर दुपार होती. समोरच्या कठड्यावर कुणीतरी उशी वाळत घातली होती. रस्त्यावर कुणी नव्हतं. त्यांनी नीट इकडे आणि तिकडे बघितलं.

मग ते टीव्हीकडे वळले. दाराकडे बघत असलेल्या आईशी ते ओठांनी काहीतरी बोलले. थोरलीला ती भाषा कधी आली नव्हती. पण एकच शब्द होता, आणि तो म्हणताना त्यांनी बोट थोरलीकडे केलं होतं.

"बरं," टीव्हीतून आईचा आवाज आला.