गंगेचा गडू

आमच्या घरात मरणाची तयारी मोठी चोख. देवघरात काशीहून आणलेला, तोंड झाळून बंद केलेला गंगाजळाचा गडू होता. कुणी जायला टेकलं की तो उघडून दोन थेंब तोंडात घालायचे, अशी रीत.

अठ्ठावन्न साली सासूबाईंना, तुंगाबाईंना, गर्भाशयाचा कॅन्सर निघाला. रेडियमच्या उपचारांसाठी मुंबईला न्या, असं डॉक्टर म्हणाले. कानडी मुलखातल्या चामराजपेटेतलं आमचं कापडाचं दुकान विकलं असतं तरी ते झेपणारं नव्हतं.

एका दुपारी सासूबाईंचे धाकटे भाऊ, नरसिंगराव आले. हलक्या आवाजात माझ्या नवऱ्याला म्हणाले, "शामण्णा, ओळखीचा कंपाउंडर आहे. अफूचं इंजेक्शन स्वल्प जास्त देईल. अक्का झोपेतच सुटेल."

नवरा खाली मान घालून बसला. मग म्हणाला, "सरी, मामा. तसंच करू."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी विचारलं, "आईंना विचारलंत?"

तेवढ्यात सासूबाईच भिंतीला धरून बाहेर आल्या. एका हातात गडू, कनवटीला अडकित्ता.

"नरसू, मला मुंबईला न्यायला पैसे असते, तर हे बोलला असतास?"

"तुझे हाल बघवत नाहीत, अक्का."

"तुला बघवत नाहीत, तर तू डोळे मीट. मी कशाला मिटू?" त्या धापा टाकत खाली बसल्या. "सोसेनासं झालं तर माझ्या तोंडानं सांगेन. तेव्हा मुंबईचं तिकीट आणि ते इंजेक्शन, दोन्ही पुढ्यात ठेवा. मग विचारा, काय हवं. एकच ठेवून विचारायचं नाही."

अडकित्त्यानं त्यांनी गडूचं तोंड उचकटलं आणि दुखण्याची गोळी गंगाजळाबरोबर गिळली.

"अक्का, ते शेवटाला लागतं!" मामा ओरडले.

"आता नाही उरलं," म्हणत त्यांनी सगळं पाणी पिऊन टाकलं. मला तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. रिकामा गडू त्यांनी माझ्या हातात दिला. "प्रेमा, चिंचेनं घास. उद्यापासून माझं प्यायचं पाणी यात."

पुढच्या चैत्रात त्या गेल्या. फार हाल झाले, खोटं कशाला सांगू? त्यांनी मागितलं असतं, तर कंपाउंडरला मीच हाताला धरून आणलं असतं. काय हवं, ते मी त्यांना रोज विचारत होते. शेवटच्या दिवशीही विचारलं.

त्यांनी पाणी मागितलं. मी त्याच गडूतून नळाचं पाजलं.